एकदाच वाजेल

विमानतळावरची बाई काहीतरी म्हणाली आणि मी चहाचा घोट घेतला. शेजारी बसलेल्या रुबिनानंही घेतला. समोर रुकडीकर सरांनीही घेतला. बाई बोलतच होती. कुठल्याशा विमानाला उशीर झाला होता, कुठलंसं दार बदललं होतं, कुणीतरी आपली बॅग विसरलं होतं. खरं सांगायचं तर मला यातलं काहीच ऐकून कळलं नव्हतं. तेच रेकॉर्डिंग त्या आठवड्यात पाचव्यांदा लागलं होतं, म्हणून माहीत होतं इतकंच.

बाई थांबली. सरांनी कप खाली ठेवला आणि बोट वर केलं. खालच्या दुकानात कुणीतरी सतारीची तार लावत होतं, दहा सेकंद तेवढाच आवाज. मग सर म्हणाले, "हं सिस्टर, आता खरं ऐका."

आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

हा सरांचा शिरस्ता होता. प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा. तीस वर्षांपूर्वी परीक्षेतही ते दोनदाच वाजायचं, म्हणून वर्गातही दोनदा. पहिल्या खेपेला माणसानं श्वास घ्यायचा, दुसऱ्या खेपेला उत्तर लिहायचं, असं ते सांगायचे. मिरजेतल्या निम्म्या नर्सा त्यांच्याकडे शिकून परदेशी गेल्या. मग यंत्र आलं आणि वर्ग ओस पडला. सर सतारीच्या दुकानावरच्या त्या खोलीत एकटेच बसून राहिले, स्टेशनवरच्या घोषणा, संग्रहालयातल्या गाईडची बडबड आणि कुठल्याशा निवृत्त प्राध्यापकाचं मधमाश्यांवरचं भाषण जपत.

आता २०४१ साली वर्ग पुन्हा भरला होता. सहाजणी. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, सगळ्या दमलेल्या.

मी शीतल मगदूम. माहेर मिरजेचं, नोकरी इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावातल्या हॉस्पिटलात. अकरा वर्षं तिथे काढली आणि या अकरा वर्षांत मी इंग्रजी ऐकलंच नाही. वाचते, लिहिते, औषधांची नावं तोंडपाठ आहेत. पण कानात भाषांतराचं चण्याएवढं यंत्र, सोबती, असायचा. समोरचा इंग्रजीत बोलायचा आणि मला त्याच्याच आवाजात मराठी ऐकू यायचं. मी मराठीत बोलले की त्याच्या कानातल्या सोबत्यातून त्याला इंग्रजी. म्हातारे गोरे पेशंट मला माझ्या आजोबांसारखे "पोरी, जरा उशी वर कर" म्हणायचे. भाषेची परीक्षा तेव्हा रद्दच झाली होती. मी तिथे जाऊ शकले ती त्यामुळेच.

भानगड सोबत्याच्या वेगात होती. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन बसतं, आपल्याकडे ते शेवटी. म्हणजे भाषांतर करायचं तर समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला हवं. पहिले सोबती थांबायचे. तीन-चार सेकंद उशीर व्हायचा आणि लोक वैतागायचे. म्हणून कंपनीनं यंत्राला अंदाज करायला शिकवलं. वाक्याची सुरुवात ऐकली की अशी वाक्यं हजार वेळा कशी संपली ते त्याला माहीत असायचं, आणि ते शेवट आधीच बोलून मोकळं व्हायचं. शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर यायचं. रोजच्या, ठरावीक बोलण्यात तर जास्तच.

एका हॉस्पिटलात दर बुधवारी आगीच्या भोंग्याची चाचणी व्हायची आणि 'ही केवळ चाचणी आहे' अशी घोषणा व्हायची. एका बुधवारी चाचणी नव्हती. घोषणेची सुरुवात रोजच्यासारखीच होती, पुढचं वेगळं होतं. सोबत्यांनी सगळ्यांच्या कानात रोजचाच शेवट घातला. सात देशांच्या नर्सा शांतपणे काम करत राहिल्या. दोन म्हातारे धुरात गेले.

त्यानंतर नियम आला. प्रत्येक वॉर्डात प्रत्येक पाळीला दोन माणसं मोकळ्या कानाची हवीत. परदेशातून आलेल्यांनी एका वर्षात मोकळ्या कानाची परीक्षा द्यायची, नाहीतर परवाना रद्द. माझा परवाना गेला की नोकरी, नोकरी गेली की व्हिसा, आणि माझ्या व्हिसावर माझा नवरा भरत आणि नऊ वर्षांची मिहिका. भरत गोदामात पाळ्या करत तिथेच थांबला. मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन मिहिकाला बरोबर घेतलं आणि आईकडे येऊन राहिले.

पहिल्या दिवशी सरांनी आमच्या सगळ्यांचे सोबती एका स्टीलच्या डब्यात काढून घेतले, शाळेत मास्तर च्युइंगगम काढून घेतात तसे. मग ते मधमाश्यांचं भाषण लावलं. मला वाटलं होतं थोडं तरी कळेल. अक्षरशः काही नाही. मिक्सर चालू असल्यासारखं वाटलं आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं.

"पाय प्लॅस्टरमधून काढल्यावर कसा दिसतो सिस्टर?" सरांनी विचारलं.

"बारीक. काडीसारखा."

"तसंच झालंय हे. ऐकताना मेंदू स्वतः पुढचा शब्द ओळखत पळत असतो. तुमचं ते पळणं यंत्रानं केलं अकरा वर्षं. आता चालायला शिका. दुखणारच की."

दुखायचंच. सकाळी तीन तास वर्ग, दुपारी घरी अभ्यास. स्टेशनांच्या घोषणा, महापौरांची भाषणं, ग्रंथालय बंद होत असल्याची सूचना. संध्याकाळी आई जेवायला वाढायची तेव्हा तिचं मराठीसुद्धा मला नकोसं व्हायचं. भरत फोनवर एकच विचारायचा, "जमतंय ना?" आणि मी एकच सांगायचे, "जमेल." दोघांनाही त्यापलीकडे बोलायला त्राण नसायचं.

सगळ्यात मोठा धक्का मात्र वर्गात बसला नाही. घरात बसला.

मिहिका तिथेच जन्मली. ती इंग्रजीत बोलते. मी मराठीत बोलायचे, तिला तिच्या सोबत्यातून इंग्रजी ऐकू यायचं आणि मला तिचं मराठी. इतकं सराईत झालं होतं की माझी मुलगी मराठी बोलत नाही हे मी विसरूनच गेले होते. शपथेवर सांगते, विसरले होते. तिला मराठीत 'आई', 'भात' आणि 'नको' एवढंच येतं.

मिरजेतला तिसरा दिवस. माझा सोबती सरांच्या डब्यात. मिहिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काहीतरी सांगायला लागली आणि मी पहिल्यांदा माझ्या मुलीला ऐकलं.

ती अडखळत होती. एका शब्दावर अडली, तो शब्द तीन-चारदा दारावर आपटला, मान एका बाजूला गेली, डोळे मिटले, आणि मग कसाबसा तो बाहेर पडला. पुढच्या वाक्यात पुन्हा तेच.

मी हातातली पळी तशीच धरून उभी. शाळेचं पत्र आलं होतं ते मला आठवलं, तिला बोलण्याच्या उपचारांची गरज आहे म्हणून. भरत आणि मी ते वाचून हसलो होतो. आमची पोरगी तर घडाघडा बोलते! शाळेनं दुसऱ्याच मुलीचं पत्र पाठवलं असणार, असं म्हणून आम्ही तसं कळवूनही टाकलं होतं. सोबती अडखळणं गाळतो. 'अं' गाळतो, श्वास गाळतो, अडलेला शब्द स्वतःच पुरा करतो. घरगुती सेटिंगवर तर रडका सूरसुद्धा थोडा मऊ करून देतो. अकरा वर्षं मी पेशंटच्या छातीतली बारीकशी घरघर ओळखण्याचा पगार घेतला आणि माझ्या घरातलं हे मला माहीत नव्हतं. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

ती बोलून थांबली. मला चार शब्द कळले होते. आणि मी काय करावं? सरांसारखं बोट वर केलं. म्हटलं, "पुन्हा सांग."

तिच्या कानात सोबती होता, तिला कळलं. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग पहिल्यापासून सुरुवात केली, त्याच शब्दावर आणखी जोरात अडली, आणि "नको" म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं.

"माझा भाऊ बोलायचा तसा," ते म्हणाले. "त्याला कुणी 'पुन्हा सांग' म्हटलं की तो दिवसभर बोलायचा नाही. एकदा बोलायलाच त्याला इतके कष्ट पडायचे."

"मग मी काय करू सर?"

"तोंडाकडे बघा. कान नवा आहे तोवर डोळ्यांची मदत घ्यायची. ओठ बरंच सांगतात." आणि मग, जरा ओशाळल्यासारखे, "चला, ग्रंथालयाची सूचना लावतो."

मी बघायला लागले. तांदूळ निवडताना, केस विंचरताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना मिहिका बोलायला लागली की हातातलं ठेवून तिच्या तोंडाकडे बघायचे. कळायचं थोडं, हुकायचं पुष्कळ. हुकलेलं विचारायचे नाही. दोन महिन्यांत निम्मं कळायला लागलं. ती पण जास्त बोलायला लागली. एक दिवस तिनं स्वतःचा सोबती तासाभरासाठी काढून आईच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. आई म्हणाली, "अगं बया, याला काय फूल वाहू?" मिहिकाला शब्द कळला नाही, पण ती हसली. मला वाटलं, हे ती माझ्यासाठी करतेय. मला सराव व्हावा म्हणून.

वर्गात मात्र मी सरांच्या तालावर पक्की बसले होते. पहिल्या खेपेला अंग सैल सोडायचं. दमलेल्या माणसाला ही सवय फार चटकन लागते. रेकॉर्डिंग सुरू झालं की माझे खांदे आपोआप खाली यायचे. आपल्याला अजून एक खेप आहे, हे शरीरालाच माहीत झालं होतं.

परीक्षा कोल्हापूरला होती, एका संगणक कॉलेजात. मिहिका म्हणाली, मी पण येणार. सकाळी साडेनऊला आम्ही दोघी पोर्चमधल्या बाकावर बसलो होतो. रुबिना पलीकडे तसबीचे मणी ओढत होती. माझं डोकं रिकामं झालं होतं. आदल्या दोन दिवसांत मी वीस रेकॉर्डिंगं ऐकली होती.

मिहिका बोलायला लागली. बरंच लांब. मधे दोनदा वाईट अडली, एकदा तर मान इतकी वळली की समोरचा शिपाई बघायला लागला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पण माझे खांदे खाली आले होते. पहिली खेप आहे, असं माझ्या अंगानं ठरवून टाकलं होतं. ती थांबली. मी वाट बघत राहिले. दहा सेकंद गेले असतील. मी कशाची वाट बघतेय हे माझ्या लक्षात आलं आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं की मला कळलेलं नाही.

मी उठून आत गेले.

हेडफोन लावले. पडद्यावरची बाई सूचना द्यायला लागली. सूचना आम्हाला पाठच होत्या. शांतता राखा, उत्तरं दिलेल्या जागेतच लिहा, वगैरे. खांदे खाली. मग रेल्वे स्टेशनवरची घोषणा सुरू झाली, गाडी कुठल्या फलाटावर, कुठे बदलायची, पावसामुळे कोणता मार्ग बंद. मी पेन टेबलावर आडवं ठेवलं होतं. डावीकडे पाहिलं तर रुबिनाचंही पेन आडवं. तिच्या पलीकडच्या दोघींचंही. सरांच्या सहाही विद्यार्थिनी पेन खाली ठेवून, डोळे अर्धवट मिटून बसल्या होत्या, आणि बाकीचा हॉल खाली मान घालून भराभरा लिहीत होता.

घोषणा संपली. शांतता. मी पेन उचललं.

बाई म्हणाली, भाग दुसरा.

तेव्हा मला सूचनेतलं ते वाक्य कळलं. प्रत्येक ध्वनिमुद्रण एकदाच वाजेल. नियम बदलला होता. धुरात गेलेल्या त्या दोघांसाठीही घोषणा एकदाच झाली होती, मग परीक्षेत दोनदा कशाला? सरांना हे कुणी कळवलं नव्हतं. आणि आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही श्वास घेत होतो.

दहा प्रश्न गेले होते. दुसऱ्या भागाच्या आधी प्रश्न वाचायला अर्धा मिनिट देतात. हेडफोनमधे काहीच आवाज नव्हता. इतकी शांतता मला तीन महिन्यांत मिळाली नव्हती. आणि त्या शांततेत, कुणीतरी बोट वर केल्यासारखी, मिहिकाची दुसरी खेप सुरू झाली. बाकावरची. अडखळण्यासकट, वळलेल्या मानेसकट, सगळी.

ती म्हणाली होती, आई, तू पास होऊ नकोस. इथे मी बोलते तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघतेस. तिथे तू कधीच बघितलं नाहीस. तिथे गेल्यावर तू दमून घरी येशील आणि ते पुन्हा कानात घालशील. मग मी पुन्हा छान बोलायला लागेन आणि तुला वाटेल सगळं ठीक आहे.

पडद्यावर प्रश्न होते. मला ते दिसत नव्हते. नऊ वर्षांच्या पोरीला जे कळलं होतं ते मला कळायला कोल्हापूरच्या परीक्षेच्या हॉलात यावं लागलं. आणि ती खोटं काहीच बोलली नव्हती. बारा तासांची पाळी करून मी घरी येईन आणि तो चणा कानात घालेन. माझी मला खात्री होती.

पेन खाली ठेवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. नियम बदलला होता, आम्हाला माहीत नव्हतं, नापास झाले. भरत चार दिवस बोलला नसता आणि मग परत आला असता. मिरजेत मला नोकरी मिळाली असती. मिहिका कुठल्या शाळेत गेली असती, कुठल्या भाषेत अडखळली असती, कोण जाणे. मी अर्ध्या मिनिटात हे सगळं पाहिलं. पण नापासच व्हायचं तर कानानं व्हायचं, हातानं नाही. पोरीच्या तोंडाकडे बघायला परवाना रद्द व्हावा लागतो, असं मला तिला शिकवायचं नव्हतं.

संग्रहालयातला गाईड बोलायला लागला. माझे खांदे वर होते. मी पहिल्या शब्दापासून लिहीत गेले.

बाहेर आले तर मिहिका त्याच बाकावर. मी तिच्यापुढे खाली बसले, तिच्या तोंडासमोर माझं तोंड येईल अशी, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी इंग्रजीत बोलले. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा जास्त अडखळत होतं. म्हटलं, तू मघाशी बोललीस ते मी ऐकलं. उशिरा ऐकलं. पण ऐकलं.

"सगळं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"मग लिहिलंस का आत?"

"लिहिलं."

ती रडली. मी तिला गप्प केलं नाही. मी तिला वचनही दिलं नाही. दमलेल्या माणसाच्या वचनांचं काय होतं ते मी वॉर्डात रोज बघते.

सरांना फोन करून नवा नियम सांगितला. "तीस वर्षं," म्हणाले. "तीस वर्षं मी पोरींना दुसऱ्या खेपेची सवय लावली की ओ." मी म्हटलं, "सर, त्या सवयीनंच मला एक गोष्ट ऐकू आली." त्यांना ते समजलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नाही. सहांपैकी आम्ही दोघी पास झालो, मी आणि रुबिना. मी एका गुणानं.

आता परत येऊन पाच महिने झाले. मी वॉर्डातली मोकळ्या कानाची नर्स आहे. बारा तास प्रत्येक घोषणा, प्रत्येक कण्हणं, प्रत्येक शिवी जशीच्या तशी ऐकायची. संध्याकाळी घरी येते तेव्हा कान सुजल्यासारखे वाटतात. तिघांचे सोबती दाराजवळच्या खणात असतात, किल्ल्यांच्या शेजारी. ते फेकले नाहीत. आई फोनवर बोलते तेव्हा मिहिकाला तिचा लागतो, भरतला गोदामात त्याचा लागतो. आणि खोटं कशाला बोलू, चारदा मीही माझा घातलाय. चारही वेळा मिहिकाला लगेच कळलं. मी तोंडाकडे बघायचं थांबवते म्हणे. दर वेळी ती जिन्यावर जाऊन बसली.

काल आले तर भोवळ यायची बाकी होती. दारातल्या स्टुलावर बसले, एक बूट काढला. मिहिका पळत आली. शाळेत काहीतरी झालं होतं. ती सांगायला लागली आणि माझा हात सवयीनं खणाकडे गेला. खण उघडलाही. तिनं ते पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही. तिच्या वर्गात प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सूचना वाचायची पाळी असते, ती आजवर शिक्षक तिला टाळून पुढच्या मुलीला द्यायचे. या वेळी तिनं हात वर केला. उभी राहिली. आणि मग...

आणि ती अडली. मान वळली, डोळे मिटले. शब्द दारावर आपटत राहिला.

मी खण लावून टाकला. दुसरा बूट पायातच होता. किती वेळ गेला सांगता येत नाही, घोषणा संपल्यावरच्या त्या दहा सेकंदांपेक्षा नक्कीच जास्त. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.

मग शब्द आला.